बटणचा पट्टा

शिंप्याच्या हातची शिवण उसवली असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं, आणि त्याचा शिंप्याला भारी तोरा. बोलायला बसला की विषय कुठलाही असो, गाडी शेवटी स्वतःच्या टाक्यांवर यायचीच. बायको मागे बसून काजं करायची आणि मधूनच म्हणायची, "अहो, पुरे. माणूस पँट न्यायला आलाय, भाषण ऐकायला नाही." तिच्या पायाशी बटण झोपलेला असायचा. बुटका, पांढरा, काळ्याभोर डोळ्यांचा कुत्रा. मूलबाळ नव्हतं, करायचे राहून गेलेले सगळे लाड बटणच्या वाट्याला आले होते.

मग त्या भागात कुत्रे चोरीला जायला लागले. मोटारसायकलवरून दोघं यायचे, मागचा वाकून कुत्रा उचलायचा आणि गाडी पसार. न्हाव्याचा कुत्रा असाच भर सकाळी गेला. हवालदार पँट आखूड करून घ्यायला आला, तेव्हा त्याने शिंपिणीला बजावलं, "मावशी, कुणी ओढलं तर सरळ सोडून द्यायचं. कुत्रा दुसरा मिळतो."

तिने बटणला मांडीवर घेतलं. शिंप्याला मात्र ते झोंबलं. सोडून द्या म्हणे! त्याच दुपारी त्याने हातातली कामं बाजूला सारली, बॅगांना लावतात तो जाड पट्टा काढला, एका टोकाला बटणच्या गळ्यात अडकवायचा हूक लावला आणि दुसऱ्या टोकाला बायकोच्या मनगटाच्या मापाचं कडं शिवलं. ओढलं की आवळून बसणारं. दुहेरी टीप, वर चौकोन, चौकोनात फुली. दाराच्या कडीला अडकवून तो स्वतः त्याला लोंबकळला.

"आता बघू कोण नेतो," तो म्हणाला.

तिने लगेच कडं मनगटात घातलं आणि बटणला घेऊन दुकानात मिरवली. इतकी खूश की बस.

मोटारसायकलवाले आले तेव्हा ती बटणला घेऊन पावाच्या दुकानावरून जात होती. मागच्याने बटणला उचललं, पुढच्याने गाडी पळवली. दुसरं कुणी असतं तर पट्टा हातातून निसटला असता, फार तर तळवा सोलवटला असता. इथे काहीच निसटलं नाही. शिंपीण कोपऱ्यापर्यंत फरफटत गेली. मग ती पट्ट्याला अडकल्याचं मागच्याच्या लक्षात आलं, त्याने बटणच्या गळ्यातला हूक काढला आणि पट्टा तिच्या अंगावर फेकला.

दवाखान्यात नर्सची कात्री त्या कड्यावर चालेना. मनगट सुजून वर आलं होतं. शेवटी शिंप्यानेच ब्लेडने एकेक टाका उसवला, आणि प्रत्येक टाक्याला स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. डॉक्टरांनी त्याला बाहेर नेऊन सांगितलं की खांद्यातली नस तुटली आहे, तिचा उजवा हात आता काज करणार नाही.

संध्याकाळी ती शुद्धीवर आली.

"सापडला?"

"शोधतायत," तो म्हणाला. हवालदाराने नुसती नकाराची मान हलवली होती, हे त्याने सांगितलं नाही.

"आणि पट्टा?"

"उसवला."

"मग दुसरा शिवून ठेवा. बटण आला की लागेल. असाच घट्ट."

"नाही. आता शिवला तर ओढल्याबरोबर सुटेल असा शिवेन."

"म्हणजे कुणीही यावं आणि त्याला न्यावं?"

"नेऊ दे! अगं, तू गेली असतीस म्हणजे?" त्याचा आवाज इतका चढला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.



"मग तो तरी घरी राहिला असता," शिंपीण म्हणाली.

शिंप्याने तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तिला ते कळलंच नाही.