बर्फातल्या विजेचा साक्षीदार

घरात सगळे मला 'खोकं' म्हणतात. पण मित्रांनो, मी एक ट्रान्झिस्टर आहे, जुना आणि अजूनही चालणारा.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात काळ्या फेराइटची एक कांडी आहे. तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळली आहे. हवेतून येणाऱ्या रेडिओलहरी ती पकडते. शशिधरराव आणि कुमुदिनीबाई पुण्याहून जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्ग गावी नवे नवे आले, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. दोघे माझ्यासमोर बसून जर्मन बातम्या ऐकत आणि प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून बघत.

"अहो, 'र' घशातून काढा, गुळण्या करता तसा!" असे म्हणून कुमुदिनीबाई हसत. पाहुणे आले की मला दाखवून सांगत, "हे आमचे मास्तर." त्यांनी माझ्यासाठी क्रोशाचे झाकणही विणले होते. तो माझ्या कौतुकाचा काळ होता.

पुढे कुमुदिनीबाई गेल्या. मी ज्या मध्यम लहरी ऐकतो, त्यांवरची जर्मन स्टेशनेही एकेक करून बंद झाली. दिवसा मला ऐकू येण्यासारखे फारसे काही उरले नाही. उरली ती वीज. आकाशात कुठे वीज चमकली की तिच्यापासूनही रेडिओलहरी निघतात आणि माझ्यातून 'कर्र' असा तुटक आवाज येतो. मोबाइलच्या चार्जरजवळही मी खरखरतो, पण ती खरखर सलग असते. हा फरक घरात एकट्या शशिधररावांना कळत असे. ते निवृत्त इंजिनिअर. स्वयंपाकघरातल्या खिडकीत मला ठेवत आणि माझ्याशेजारी बसून ढग बघत.

एका फेब्रुवारीत दुपारी दाट बर्फ पडत होता. त्यांची सून मैथिली आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. एकाएकी मी कर्रकन वाजलो आणि त्याच क्षणी सगळी बाग निळसर पांढरी झाली. मागून गडगडाट आला, पण अगदी दबका, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावे तसा. पडणारा बर्फ आवाज पिऊन टाकतो, म्हणून असा गडगडाट फार लांब जात नाही.

"मैथिली! अगं, बर्फात वीज चमकली!" शशिधरराव लहान मुलासारखे ओरडले.

मैथिली कानांवरचे हेडफोन सरकवत धावत आली. बाहेर बर्फ मुकाट्याने पडत होता.

"बसा बघू, बाबा. पाणी देऊ का?" एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगा हर्ष एश्बॉर्नच्या ऑफिसातून घरी आला. "बाबा, वीज वळवात चमकते. उकाडा लागतो तिला. इथे बाहेर शून्याच्या खाली आहे!"

"ढगाला कुठे रे कॅलेंडर कळतं? खालच्या हवेपेक्षा वरची खूप गार असली की झालं. ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटतात आणि..."

"अॅपवर बघा, नुसता स्नो दाखवतोय."

"ट्रान्झिस्टरनंही ऐकली."

"वा! साक्षीदार कोण, तर हे खोकं. ते चार्जरलाही घाबरतं!"

"क्वाच, आजोबा!" नात सियाही हसली. काहीतरीच सांगता, असा त्याचा अर्थ.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर! पण मला फक्त खरखरता येते.

त्याच हिवाळ्यात शशिधरराव शेगडी चालू ठेवून फिरायला गेले होते. त्यामुळे घरचे आधीच धास्तावलेले होते. डॉक्टरीणबाईंना मैथिलीने काळजीपोटी सांगितले, "त्यांना भास होतात." शेगडीचे विसरणे एक वेळ वयाचे मानले गेले असते. त्याला भासाची जोड मिळाली आणि गोळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांनी शशिधररावांना आल्टेनहाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवायचे ठरले.

"मला इथंच राहू दे रे," ते हर्षला म्हणाले. "मी खरंच बघितली होती."

"तुम्ही हे असं म्हणता ना, बाबा, त्याचीच भीती वाटते."

जाताना त्यांनी मला उचलले. मैथिलीने हळूच त्यांच्या हातातून मला काढून घेतले. "हे नको, बाबा. हे ऐकलं की तुम्हाला पुन्हा काहीतरी दिसेल." माझे सेल काढून तिने मला तळघरात ठेवले. तिच्या मनात वाईट काही नव्हते, म्हणूनच मला तिच्यावर रागावताही येत नाही.

पुढच्या जानेवारीत एका संध्याकाळी हर्ष आणि सिया धापा टाकत तळघरात आले. बाहेरून घरी येताना बर्फात काहीतरी चमकल्यासारखे त्यांना वाटले होते. हर्षने मला वर नेले, रिमोटचे सेल काढून माझ्यात घातले आणि मला खिडकीत ठेवले. बाहेर तसाच दाट बर्फ होता. थोड्या वेळाने मी कर्रकन वाजलो आणि खिडकी पांढरी झाली.

"पापा," सिया जर्मनमध्ये पुटपुटली, "म्हणजे आजोबा..."

रविवारी ते मला घेऊन आल्टेनहाइममध्ये गेले. शशिधरराव खुर्चीत बसले होते, खिडकीकडे पाठ करून. हर्ष त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "बाबा, आम्ही बघितली. बर्फात वीज. सियानं पण बघितली. तुमचं खरं होतं."

शशिधररावांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी काळजीने हर्षच्या डोक्यावर हात ठेवला.

"घाबरू नकोस हं," ते म्हणाले. "मलाही दिसायची. डॉक्टरीणबाईंना सांग, त्या गोळ्या देतात. मग थांबतं."

मित्रांनो, माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. सेल काढले तर ते परत घालता येतात. पण तुमच्या घरातले कुणी न पटणारे काही सांगू लागले, तर त्याला भास म्हणण्याआधी थोडा वेळ त्याच्याबरोबर खिडकीत उभे राहा.