घरचा इंच

मित्रांनो, मी शिंपी मास्तरांच्या गळ्यातली, माप घ्यायची जुनी कापडी टेप आहे. माझा जन्म कुठल्या देशातला, हे माझ्या टोकाला छापलेले होते. मास्तरांच्या अंगठ्याने ते तिसऱ्याच वर्षी पुसले. तेव्हापासून मी इथलीच.

अडतीस वर्षे मी खांदे, मनगटे आणि श्वास रोखून आत घेतलेली पोटे मोजली. मास्तर आकडे वहीत लिहीत. "आपल्या मापात चूक नाही," असे ते म्हणत, आणि मी ताठ होई. म्हणजे टेपला होता येते तितकी.

पुढे तयार कपडे आले. साऱ्या जगाची अंगे तीन-चार अक्षरांत बसू लागली आणि दुकानातली वर्दळ ओसरली. अशात परदेशी शिकायला गेलेल्या भाचीचा फोन आला. तिला तिथेच नोकरी लागली होती.

"मामा, पहिल्या दिवशी तुझ्याच हातचा कोट घालणार. इथल्या कोटात मी दुसऱ्याच कुणाची तरी वाटते."

तिने तिथल्याच टेपने मापे घेऊन कळवली. छाती छत्तीस. मास्तरांनी माझ्या भरवशावर कापड कापले. कोट पोचला, भाची मोबाइलच्या पडद्यावर आली, आणि कोट तिच्या अंगावर लोंबत होता. रुजू व्हायला वीस दिवस उरले होते.

"तू वाळलीस," मास्तर म्हणाले.

"हो तर," मामी म्हणाल्या. "सगळं जग चुकेल, तुम्ही कसे चुकाल?"

मास्तर हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी कात्रीला हात लावला नाही. "हात गेला माझा," एवढेच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भाचीने सुचवले, "मामा, हाताचं राहू दे. आधी टेप तपास."

शेजारच्या कापडवाल्याकडून छत्तीस इंची लोखंडी गज आला. मला त्याच्याशेजारी आडवे केले. त्याच्या छत्तीस इंचांना मी पस्तीस म्हणाले. रोजच्या ओढाताणीने मी लांबले होते. हे कुणाला कळले नाही, कारण अंगही मीच मोजी आणि कापडही मीच. दोन्हीकडे चूक तीच, म्हणून कपडा बरोबर. भाचीकडच्या दुसऱ्या टेपेशी गाठ पडली तेव्हा ती चूक उघडी पडली.

मामींनी मला केराच्या टोपलीवर धरले.

"थांब," मास्तर म्हणाले. "वहीतली सगळी माणसं हिच्याच इंचात आहेत. ही गेली तर कुणाचंच माप उरणार नाही."

नवी टेप आली. तिच्या मापाने कापलेला नवा कोट रुजू होण्याच्या आदल्या दिवशी पोचला आणि नेमका बसला. मास्तरांच्या गळ्यात आता आम्ही दोघी असतो.

सुट्टीत भाची आली. मास्तरांनी सवयीने मलाच तिच्याभोवती गुंडाळले. "पस्तीस."

"बघ मामी," भाची म्हणाली, "घरी आले की मी एक इंच बारीक होते."

मास्तर इतके हसले की आम्ही दोघी गळ्यातून घसरलो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला वर्षातून एकदा गजाशेजारी ठेवा, चूक वहीत लिहा, आणि तिला खिळ्याला टांगू नका. माझ्या इंचात अजून पुष्कळ माणसे राहतात.