पल्याडचा काठ

"आणि ही बाभूळ कशाला काढलीत?" उषाबाईनं विचारलं.

पुंजारामचा कुंचला निळीच्या डब्यात तसाच थांबला. तिच्या सासऱ्यांच्या, रामरावांच्या वाड्यात, चौकाच्या भिंतीवर, दोन दिवस खपून त्यानं समुद्र काढला होता.

"पल्याडच्या काठावर हाय ती, बाई."

"पलीकडे काठ नसतो, काका."

ओसरीवरून सासूबाई, दुर्गाबाई हसल्या. "न्हाई कसा? मंग पानी राहील कशात?"

पुंजारामला तेच तर कळत नव्हतं. तीस वर्षं त्यानं मंठा गावच्या लग्नघरांवर हत्ती काढले, राघू काढले. डोळे झाकूनही राघूची चोच चुकली नसती. पण ही सून इंग्रजी मुलखातली, कोकणातल्या बंदरावरची. सातवा लागला आणि तिला डोहाळे लागले समुद्र बघायचे. कुणी चिंच मागतं, कुणी कवठ मागतं. हिनं समुद्र मागितला! वैद्यानं बैलगाडीचे दचके मना केलेले. आणि डोहाळा अडला तर बाळाचा कान फुटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून दुर्गाबाईंनी पुंजारामला बोलावलं, आणि कधी न बघितलेल्या पाण्याला तो हो म्हणून बसला. पोटुशीचा जीव अडकलेला. नाही कसं म्हणायचं?

संध्याकाळी तो गुलाम नबीकडं गेला. मंठ्यात समुद्र बघितलेला तेवढाच एक. जहाजानं हजला जाऊन आलेला.

"चाचा, समुंदर कसा असतो?"

"अरे भई, मी तर सारा रस्ता उलट्या करत पडल्तो. निस्तं हालून राह्यलं होतं."

"पल्याड काय व्हतं?"

"पानी."

"आन् त्याच्या पल्याड?"

"बिलकुल पानी. फजरला उठून बघावं तर पानी, मगरिबला बघावं तर पानी. मंग मी बघनंच सोडलं."

पुंजाराम डोकं खाजवत परतला. एकाच काठाचं पाणी! एकाच तळीचं जातं कुणी ओढलंय का?

सकाळी त्यानं बाभळीवर चुना फिरवला, काठावर फिरवला. आणि मग हाताला थांबायला जागाच उरली नाही. भिंत संपली तरी निळाई चालत राहिली; कोपऱ्याशी वळली, देवळी ओलांडून, खांबांमागून, पार दाराच्या चौकटीला जाऊन भिडली.

"आरं, थांब की!" दुर्गाबाई ओरडल्या. "सारा वाडा बुडवतूस का?"

"कुठं थांबू, वैनीसाहेब? तुमीच सांगा."

दुर्गाबाईंची नजर निळाईच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

तेवढ्यात उषाबाई बाहेर आली. चारी भिंतींवरून तिची नजर फिरली. पुंजारामच्या हातातला कुंचला थेंब थेंब गळत राहिला.

"पुरला का गं डोहाळा?" सासूनं हळूच विचारलं.

उषाबाईनं दोन बोटांनी निऱ्या घोट्यावर उचलल्या आणि ती पायरी उतरली. एक पाऊल पुढं टाकलं, थबकली, चटकन मागं सरली, आणि हसली.

पुंजाराम फरशीकडं बघत राहिला. फरशी कोरडी ठक्क होती, उन्हानं तापलेली. तिथं काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा बघितलं. मग धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं, वहाणा हातात घेतल्या, आणि तो भिंतीच्या कडेकडेनं, जपून पाऊल टाकत, दाराकडं निघाला.