बिनआईची मिरची

पिंपळवंडीच्या गेणभाऊंची सून वृषाली पॉलीहाऊसात रंगीत ढोबळी मिरची करते. तिथं माती नाहीच. नारळाच्या भुशाच्या पिशव्यांत रोपं उभी आणि ठिबकच्या नळीतून मोजून खतपाणी. घरात ठरलं होतं, या हंगामात फळ लागलं नाही तर पॉलीहाऊस मोडायचं आणि पुन्हा टोमॅटो. सुनेची जिद्द मोडू नये असं सगळ्यांत जास्त वाटायचं ते गेणभाऊंनाच. घोटाळा झाला तो तिथंच.

वारूळवाडीच्या सप्ताहात बुवांनी कीर्तन असं रंगवलं, की टाळकरीही ठेका विसरले. पोरक्या लेकराला आपल्या ताटातला घास द्यावा, देव तिथंच जेवतो, असं ते म्हणाले आणि गेणभाऊंचे डोळे भरून आले. वाटेनं त्यांना मिरचीच आठवली. माती म्हणजे आई. ही रोपं जन्मापासून बिनआईची, आणि सून त्यांना औषधासारखं मोजून वाढते! दुसऱ्या दिवशी काकड्याहून परतताना त्यांनी नत्राचं पांढरं खत तांब्याभर घेऊन गुपचूप ठिबकच्या टाकीत विरघळवलं. "खावा बाळांनो," म्हणाले. मग तो नेमच झाला.

लेकरांनी बाळसं धरलं. पानं अशी काळीभोर, की शेजारचे दादाभाऊ दारातच थबकले. "राव, सून लई हुशार हाय तुमची!"

"माउलीची कृपा," गेणभाऊ हात जोडून म्हणाले.

फुलं मात्र गळत होती. वृषालीनं पिशव्यांखाली निथळलेलं पाणी मीटरनं तपासलं, तर खत जास्त. तिनं माप कमी केलं. ते पाहून सासऱ्याचा जीव कळवळला आणि एकाचे दोन तांबे झाले. तिनं आणखी कमी केलं, तर आकडा आणखी वर. तिनं मीटर बदलला. नवाही तेच सांगायचा. देव भोळ्या भक्ताचं ऐकतो म्हणतात, पण मिरची कुठलं ऐकायला!

एका दुपारी ती टाकीपाशी मटकन बसली. "मामा, मला नाय जमत हे. उद्या वरचा कागद काढायला माणसं बोलावते."

गेणभाऊंना घाम फुटला. "पोरी, तुझं काय चुकलं न्हाई. मीच रोज घास देत व्हतो त्यांना."

"घास? कसला घास?"

त्यांनी खताच्या गोणीकडं बोट दाखवलं.

वृषालीला रडावं की हसावं कळेना. "अहो मामा, बसल्या जागी ताट आलं तर झाड फळ कशाला धरंल? नुसतं अंगानं सुटतंय."

"आपल्या मोहितसारखं," मागून सासूबाई, कोंडाबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव निघालं आणि वृषालीला हसू आवरेना.

मग पिशव्या साध्या पाण्यानं धुऊन काढल्या आणि खताच्या खोलीला कुलूप लागलं. पानं जराशी फिकी पडली, तसा इकडं गेणभाऊंच्या घशाखाली घास उतरेना. पण फुलं टिकली. लिंबाएवढ्या मिरच्या मुठीएवढ्या झाल्या, पिवळ्या-लाल रंगावर आल्या. पॉलीहाऊस राहिलं.

दादाभाऊ पुन्हा चौकशीला आले. "गेणभाऊ, कंचं खत टाकलं सुनेनं?"

"खत कसलं राव," गेणभाऊ खाली बघत म्हणाले, "माझा हात आवरला तिनं."