किमी १९.२, उजवीकडे

किमी १९.२. फाटा. उजवीकडे वळा. डावीकडे जुनी दगडखाण, जाऊ नये.

बाण नव्हता.

भगवान सोनावळेने स्कूटर स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि वाकून पाहिलं. काल दुपारी त्याने इथेच फक्कीचा बाण काढला होता. मैदानावर रेघा मारतात त्या पांढऱ्या फक्कीचा, हातभर लांब, टोक उजवीकडे. आता तिथे तांबडी माती आणि बारीक खडी. पांढरा कणसुद्धा नाही.

वारा? वाऱ्याने फक्की उडते, पण सगळी नाही. गुरं? खूर उमटले असते. त्याने खिशातला कागद काढला. मेघनाने, त्याच्या मुलीने, छापून दिलेला. तेवीस ओळी, तेवीस वळणं, प्रत्येक ओळीआधी किलोमीटरचा आकडा. एकोणीस पॉइंट दोन. आकडा बरोबर होता. मग जागा चुकली का?

फोनला रेंजची जेमतेम एक काडी होती.

"पप्पा, तुम्ही नक्की तिथेच आहात ना?"

"अगं, समोर फाटा दिसतोय. डावीकडे खाणीची वाट."

"मग बाण?"

"नाहीये."

"काल काढलेलात ना?"

"काढलेला." मग जरा थांबून तो म्हणाला, "मला वाटतं, काढलेला."

"पप्पा, असं नका ना बोलू. उद्या चाळीस जण सायकलवर येतायत. निम्म्यांकडे जीपीएस नाही. आणि त्या खाणीला कठडा पण नाही, डायरेक्ट चाळीस फूट खाली. आमच्या ग्रुपमधला ऋतुराज मला सकाळपासून तेच विचारतोय."

"काढतो परत."

"जाड काढा!"

त्याने जाड काढला.


किमी १७.६. ओढा ओलांडा. सरळ.

स्वतःवरचा विश्वास उडाला म्हणून तो मागे आला होता. इथला बाण जागेवर होता. म्हणजे काल तो आला होता. म्हणजे डोकं ठीक होतं.

एकतीस वर्षं तो रस्त्यांच्या मोजणीच्या एका कंत्राटदाराकडे होता. साहेब दुर्बिणीतून बघायचे, हात करायचे, आणि भगवान फक्की मारत जायचा. त्याची रेघ कधी वाकली नाही. नोकरी संपल्यापासून तो कोपरला घरी बसून होता, खिडकीतून समोरच्या इमारतीचं रंगकाम बघत. मेघना ठाण्याला नोकरी करते आणि रविवारी सायकल चालवते. मुरबाडच्या पुढच्या या खोऱ्यातला बावन्न किलोमीटरचा रूट तिने स्वतः शोधलेला, पहिलाच. "तुमच्यासारखी फक्की कोण मारणार, पप्पा?" ती म्हणाली तेव्हा तो उगाचच आरशात बघून आला होता.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात बसत नव्हती. पोरं याला ग्रॅव्हल राइड म्हणत होती. ग्रॅव्हल म्हणजे खडी. त्याने जिथे फक्की मारली तिथे मागून कधी ना कधी डांबर यायचं. ही पोरं लाखाची सायकल घेऊन जिथे डांबर आलेलं नाही तीच जागा हुडकत होती. "डांबर लागलं की रूट मेला, पप्पा." मेला? मग तो इतकी वर्षं काय करत होता?

आणि हा डोंगर. कालपासून तो ओळखीचा वाटत होता. पण ओळखीच्या डोंगराला दोन शेंडे होते. याला तीन.


किमी १९.२. फाटा. उजवीकडे वळा.

बाण नव्हता.

अर्धा तासही झाला नव्हता. या वेळी त्याने नीट पाहिलं. मातीवर खराट्याचे फराटे होते. फराट्यांच्या मागे मागे तो चालत गेला. उजव्या वाटेला तीस पावलांवर एक घर होतं, कुडाच्या भिंती, वर पत्रे. दारात एक म्हातारी बाई बसली होती. खराटा तिच्या मांडीवर.

"मावशी, तिथला बाण तुम्ही पुसलात?"

"मीच."

"का हो?"

"आजून काढ. आजून पुसते."

भगवान हसला. "अहो, उद्या सायकलवाली पोरं येणारेत. त्यांना वळण कळावं म्हणून काढलाय. डावीकडे गेली तर खाणीत पडतील."

"हितनं कशाला येतील?"

"त्यांना खडीचा रस्ता लागतो."

"आमी डांबर मागून मागून म्हातारं झालो, नि त्यांना खडी पायजे?" ती हसली नाही. "येडी समजतोस का रं मला? तवाबी अशीच पांढरी रेघ व्हती. तवाबी तूच व्हतास."

भगवानला काही कळेना. "तेव्हा म्हणजे कधी?"

तिने खराट्याने खाली खोऱ्याकडे दाखवलं. तिथे मोठ्या रस्त्याचा भराव होता, लांब, सरळ. त्यावरून ट्रक चालले होते, आवाज वरपर्यंत येत नव्हता.

"त्या भरावाखाली माजं घर हाय. रखमाबाईचं घर. वटीवर बसून चा पिलास. साखर कमी पडली म्हनून परत मागितलीस."

तो भरावाकडे बघत राहिला. मग डोंगराकडे. खालून या डोंगराचे दोनच शेंडे दिसायचे. तिसरा मागे होता.

तिचा चेहरा त्याला आठवला नाही. नऊ-दहा वर्षं झाली असतील, आणि त्या वर्षांत त्याने किती ओट्यांवर चहा घेतला याला गणती नव्हती. पण आपण काय म्हणालो असू हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण तो सगळीकडे तेच म्हणायचा. *नुसती मोजणी आहे, मावशी. काही होणार नाही.* साहेबांनीच शिकवलं होतं. असं म्हटलं की काम अडत नाही. तो खोटं बोलत होता का? त्याला तर काहीच माहीत नसायचं. रेघेखाली कोणाचं घर जाणार हे त्याला कोणी सांगत नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

"बाकीचे आडवं पडनार व्हते मोजनीला," रखमाबाई म्हणाली. "मीच म्हनलं, नका. मानूस बरा दिसतोय."

"मावशी, खरं सांगतो, या वेळी..."

पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं. *काही होणार नाही.* तोंड उघडलेलंच राहिलं. ऋतुराज कालच म्हणाला होता, रूट हिट झाला ना काका, पुढच्या वर्षी इथे कोणीतरी टेंट टाकणार बघा. टेंटनंतर काय येतं?

त्याने फक्कीची गोणी उचलली आणि स्कूटरवर ठेवली.


फोन. काडी एक.

"झाला बाण?"

"नाही. काढणार नाही."

"म्हणजे? पप्पा, काय झालं?"

त्याने सांगितलं. वेडंवाकडं, मागचं पुढे, पुढचं मागे.

"मग रिबन बांधा झाडाला."

"निशाणीच नको तिला."

"मग लोक वळणार कसे?"

हे त्यालाही माहीत नव्हतं. "मी येतो उद्या," तो म्हणाला.

"येऊन काय करणार?"

"उभा राहीन."


किमी १९.२. रविवार.

साडेसहाला तो खाणीच्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिला आणि उजव्या वाटेकडे हात आडवा धरला.

सव्वासातला पहिला आला. मग तिघं. मग धुरळाच. "थँक यू काका!" "काका, पाणी आहे का पुढे?" एकाने जाता जाता त्याच्या तळव्यावर टाळी दिली. तो हात हलू देत नव्हता. थकला की दुसऱ्या हाताने कोपर धरायचा. नऊपर्यंत बत्तीस जण वळले. मेघना सगळ्यांच्या मागे असणार होती, तसा त्यांचा नियम होता.

रखमाबाई घरातून बाहेर आली आणि वाटेच्या कडेला उभी राहिली.

"किती येळ?"

"सगळे जाईपर्यंत."

"पुढल्या वर्सी परत येतील?"

"माहीत नाही."

"हितं रस्ता करतील? ह्येबी घर जाईल माजं?"

"मला माहीत नाही, मावशी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे तवा म्हनला असतास तर?"

त्याने कोपर पुन्हा दुसऱ्या हाताने धरलं.

तेवढ्यात उतारावरून एक पोरगा आला, कानात गाणी, मान खाली. त्याने भगवानकडे पाहिलंच नाही. अगदी त्याच्या बाजूने तो सुसाट डावीकडे घुसला. "अरे, ए!" भगवान ओरडला, पण आवाज धुरळ्यातच विरला.

"ए मुडद्या! मरायला चाललास का तिकडं? माघारी फिर!"

गुरांना समोरच्या टेकडीवरून हाकणारा आवाज होता तो, रखमाबाईचा. सायकल खडीवर घसरली, फिरली, थांबली. पुढच्या चाकाने उडवलेले दोन-तीन दगड खाली गेले. त्यांचा आवाज यायला वेळ लागला. पोरगा सायकल हातात धरून, चालत, मागे आला.

"सॉरी आजी."

रखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती भगवानला म्हणाली, "वर धर जरा हात. लांबून दिसत नाय."

मग ती घरात गेली आणि दार ओढून घेतलं.

भगवानने हात खांद्याच्या वर नेला. अजून सात जण यायचे होते.