एका गल्लीतल्या दोन मेस

मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, जेवायचं म्हणजे राजगोपालांच्या मेसमध्येच जेवायचं. हे इतकं ठरलेलं होतं की मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या खोल्यांच्या इमारतीत, खोली घेणारा नवा माणूस जेवणाची वेगळी चौकशीही करत नसे. कोपऱ्यावरची दोन मोठी दालनं त्यांचीच. वडिलांच्या वेळेपासूनची पितळेची अवाढव्य भांडी, आणि दाराशी स्वतः राजगोपाल उभे, कपाळावर नाम, खांद्यावर अंगवस्त्र. महापालिकेच्या कचेरीतले लोकही दुपारी तिथंच पानावर बसत. त्यामुळे गल्लीतला दिवा गेला किंवा गटार तुंबलं, तर लोक अर्ज करण्याआधी राजगोपालांच्या कानावर घालत.

त्याच गल्लीत थोडं आत सकवारबाई राहायची. तिचा नवरा राणोजी छापखान्यात खिळे जुळवायचा. छापखाना बंद पडला आणि घरात दिवसभर बसून राणोजी अबोल होत चालला. घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. घरात मात्र मराठी टिकलेली, जुन्या वळणाची. सकवारबाईच्या हाताला चव होती आणि डोकं थंड होतं. तिनं मेस काढायचं ठरवलं.

"भात-सांबार त्यांचं," ती राणोजीला म्हणाली. "त्यात आपण पडायचं नाही. आपण संध्याकाळी पोळ्या करू. बँकेतली, रेल्वेतली मराठी पोरं पोळीसाठी तरसतायत."

चूल मांडण्याआधी ती राजगोपालांना भेटायला निघाली, तेव्हा धाकटा दीर एकोजी उसळला. "वैनी, गल्ली काय त्यांच्या बापाची आहे? परवानगी कसली मागता?"

"परवानगी नाही मागत. सांगून येते. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्यांना वाटेल, आपण लपवलं."

राजगोपालांनी ऐकून घेतलं आणि मोकळेपणानं हसले. "करा अम्मा, करा. पोटाला लागेल तेवढं मिळेल." त्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट तिथंच संपली.

पण सकवारबाईची मेस वाढत गेली. आधी ओसरी भरली, मग मधली खोली. सातारचा विद्याधर, बँकेत कारकून होता, तो पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. तिची मराठी ऐकून त्याला गंमत वाटायची. "बाई, तुम्ही बोलता तेव्हा बखर वाचल्यासारखं वाटतं," असं तो म्हणायचा आणि आणखी एक पोळी मागायचा. दोन-तीन वर्षांत संध्याकाळी तिच्या दाराशी राजगोपालांपेक्षा जास्त चपला दिसू लागल्या. मग पोरंच मागे लागली, दुपारचंही करा. सकवारबाईनं बरेच महिने टाळलं. शेवटी तिनं दुपारचं, भात-सांबाराचं जेवण सुरू केलं, आणि त्या वेळी मात्र ती कोपऱ्यावर सांगायला गेली नाही. कामाच्या गडबडीत राहून गेलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तिला संकोच वाटला होता.

त्यानंतर आठवडाभरात केळीची पानं आणणारा गजेंद्र यायचा थांबला. एकोजी सायकलवरून त्याला गाठायला गेला, तर गजेंद्र खाली मान घालून म्हणाला, "अय्यांचं गिऱ्हाईक मोठं आहे. मला दोन दारं परवडायची नाहीत." पाठोपाठ गल्लीत कुजबूज सुरू झाली, की आतल्या मेसमध्ये कालचं सांबार आज वाढतात.

एकोजी नुसता धुमसत होता. अशात एका दुपारी राजगोपालांचा मुख्य स्वयंपाकी सुब्बा मागच्या दारानं आला. थोडं घुटमळून म्हणाला, "अक्का, तुमच्याकडं जागा असेल तर मी येतो. तिकडं आता सारखी चिडचिड असते."

एकोजीचे डोळे चमकले. सुब्बाच्या रसमसाठी लोक मैलापूरहून येत. तो इकडे आला की कोपऱ्यावरची मेस अर्धी झालीच म्हणायची.

सकवारबाईनं सुब्बाला ताक दिलं. "तू मोठ्या हाताचा आचारी आहेस. पण तुला घेतलं तर उद्या ते माझ्यावर काय सोडतील सांगता येत नाही. मग आमचं दोघांचं भांडण चालेल आणि जेवण कुणाचंच धड होणार नाही. तू तिथंच राहा."

सुब्बा गेल्यावर एकोजी म्हणाला, "ते आपली पानं बंद करतात, आपली बदनामी करतात, आणि तुम्ही त्यांचा आचारी परत पाठवता? आपण काय नुसता मार खात बसायचं?"

"मार कोण खातंय?" ती म्हणाली, आणि पदर खोचून सरळ कोपऱ्यावर गेली.

दुपारच्या पंगती उठत होत्या. राजगोपाल दाराशीच होते. हातातले पैसे मोजता मोजता त्यांनी वर पाहिलं.

"अय्या," ती म्हणाली, "दुपारचं सुरू करताना तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ते माझं चुकलं. पानं तुम्ही थांबवलीत, ठीक आहे. मी स्टीलच्या ताटात वाढते. तेवढं मी सोसेन. पण माझ्या घरात शिळं वाढतात असं कुणी बोललं तर ते मी सोसणार नाही. माझं स्वयंपाकघर उघडं आहे. तुम्ही या, वाटेल त्या भांड्यावरचं झाकण काढून बघा. आत्ता या."

आवाज चढला नव्हता, पण हात धुणारी माणसं थांबून बघत होती. राजगोपाल आले नाहीत. ते पुन्हा पैसे मोजू लागले. पण कुजबूज त्या दिवसापासून विरत गेली. पानं मात्र आली नाहीत. दोन्ही मेस चालू राहिल्या, आणि दोन्ही मालक रस्त्यात समोरासमोर आले की दुसरीकडे पाहू लागले.

मग त्र्याऐंशीचा उन्हाळा आला. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. तलाव आटले, नळाला नुसती हवा येऊ लागली. रस्तोरस्ती हातपंपांपाशी रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची, आणि पाण्याची लॉरी आली रे आली की बायका धावत सुटायच्या. गल्लीतल्या विहिरींवर सगळ्यांची भिस्त. कोपऱ्यावरच्या विहिरीचं पाणी एकाएकी मचूळ झालं. समुद्र जवळ, गोड पाणी उपसून संपलं की खारं आत शिरतं. त्या पाण्यात डाळ शिजेना. भाताला पिवळट रंग येऊ लागला. सुब्बाचं रसमही ओळखू येईना.

सकवारबाईच्या घरामागची विहीर अजून गोड होती.

राजगोपालांकडं जेवणारी माणसं एकेक करून आत येऊ लागली. आधी शरमून, मग घोळक्यानं. एका दुपारी तर ओसरीवर, पायरीवर, जिन्यात, जिथं मिळेल तिथं ताट घेऊन माणसं बसली. विद्याधर मजेत म्हणाला, "बाई, महिनाभर थांबा. कोपऱ्याला कुलूप लागतंय. मग ती दालनं तुम्हीच घ्या."

"वैनी, देव देतोय," एकोजी म्हणाला. "आता नाही म्हणू नका."

सकवारबाईनं दालनांचा विचार केला नाही असं नाही. भांडी विसळता विसळता तिनं तिथं आपली माणसं बसलेली डोळ्यांपुढं आणूनही पाहिली. तेवढ्यात राणोजी विहिरीकडून आला. हल्ली पाणी ओढायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं.

"सकू," तो म्हणाला, "दोर आज पुन्हा गाठ मारून लांबवला. घागर तळाला आपटते."

ती विहिरीपाशी गेली आणि वाकून पाहिलं. खाली लांबवर पाण्याचा तुकडा दिसत होता, परातीएवढा. कोपऱ्यावरची सगळी गर्दी आपल्या अंगावर आली की ही विहीर आठवडाभरही पुरायची नाही. राजगोपालांची मेस बसली, की तिच्या मागोमाग आपलीही बसणार. आणि लॉरी आणवू शकेल असा गल्लीत एकच माणूस होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगती उठून गल्ली पेंगत असताना, ती कोपऱ्यावर गेली. गर्दीच्या वेळी गेली असती तर त्यांना ती भीक वाटली असती. दालनात राजगोपाल एकटेच बाकावर बसले होते. पंखा फिरत होता. अंगवस्त्र बाजूला पडलं होतं, आणि पहिल्यांदाच ते तिला म्हातारे वाटले.

"दया करायला आलात?" त्यांनी विचारलं.

"नाही अय्या. मला भीती वाटते म्हणून आले."

ते चमकले. हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं. त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला आणि ती बसली.

"माझी विहीर तळाला लागली आहे," ती म्हणाली. "एकोजीलाही मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. दोन्हीकडची माणसं माझ्या अंगणात जेवली तर दोन्ही मेस बंद पडतील. माझ्याकडं अजून थोडं पाणी आहे, तुमच्याकडं मोठी भांडी आणि शब्दाला वजन आहे. मी पाण्याच्या कचेरीत गेले तर 'नंतर या' म्हणतात. तुम्ही गेलात तर खुर्ची देतात. आजूबाजूच्या सगळ्या मेसवाल्यांना घेऊन तुम्ही पुढं व्हा, लॉरी मागा. ती येईपर्यंत डाळ-भात तुमच्याकडं माझ्या पाण्यात शिजू दे. दुपारचं सगळ्यांचं जेवण इथं, संध्याकाळचं माझ्याकडं."

राजगोपालांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग म्हणाले, "आणि पाऊस आला की? तुमचं दुपारचं?"

"पाऊस आला की माझं दुपारचं पुन्हा सुरू. ते सोडते असं मी म्हणणार नाही. तुम्ही तुमचं चांगलं करा, मी माझं करते. माणसं आवडेल तिथं जातील. पण मग गजेंद्रला मधे घालायचं नाही, आणि तुमच्या आचाऱ्याला मी हात लावायचा नाही."

"सुब्बा तुमच्याकडं आला होता," राजगोपाल हळूच म्हणाले. "पोंगलच्या सणाला त्यानंच मला सांगितलं. तुम्ही परत पाठवलंत, तेही सांगितलं. तेव्हापासून यायचं मनात होतं. पाय उचलत नव्हता." त्यांनी अंगवस्त्र उचलून खांद्यावर टाकलं. "अम्मा, माझे वडील गेले तेव्हा मला वाटलं होतं, ही मेस माझ्यानंतरही अशीच राहील. तुमच्या दारासमोरच्या चपला बघून पहिल्यांदा वाटलं, राहणार नाही. माणूस घाबरला की हलकं वागतो."

"मीही घाबरले की सांगायला जायचं टाळते," सकवारबाई म्हणाली. "दुपारचं सुरू करताना तेच झालं."

राजगोपाल हसले. आतल्या बाजूला वळून त्यांनी हाक मारली, "सुब्बा, कॉफी. दोन."

पाण्याच्या कचेरीत मेसवाले गेले तेव्हा राजगोपाल सगळ्यांच्या पुढे होते. आत साहेबांसमोर बोलले तेही तेच. फक्त एकदा थांबले आणि म्हणाले, "विहिरींचं ह्या अम्मांना विचारा." सकवारबाईनं कोणत्या घरची विहीर खारी झाली, कुठं अजून तग आहे, ते नीट सांगितलं. दोन खेपा माराव्या लागल्या, पण एक दिवसाआड लॉरी मिळाली.

ती नेमकी राजगोपालांच्या दाराशी उभी राहायची. रांग तेच लावायचे, आधी गल्लीतल्या घरांमधल्या बायका, मग मेस. लोक म्हणायचे, राजगोपालांनी पाणी आणलं.

एकोजीला हे खुपायचं. "कल्पना आपली, विहीर आपली, आणि नाव त्यांचं!"

"पाणी घरात आलं की नाही?" सकवारबाईनं विचारलं. "मग नाव राहू दे त्यांच्याकडं. त्यांना ते हवं आहे, मला घागर हवी आहे."

एकोजी बडबडत राहिला, पण रोज दुपारी गोड्या पाण्याच्या घागरी कोपऱ्यावर पोचवायचं काम त्यानंच केलं. तिथं सुब्बाशी त्याची गट्टी जमली. राणोजीला तर राजगोपालांनी हक्कानं पंगतीत वाढायला उभं केलं. सगळ्यांशी बोलत, आग्रह करत तो भात वाढायचा. घरी अबोल झालेला आपला नवरा तिथं मोठ्यानं हसताना सकवारबाईनं दारातून पाहिला आणि ती परत फिरली.

पावसाळ्यात तळं भरलं, विहिरी भरल्या. ठरल्याप्रमाणे सकवारबाईचं दुपारचं जेवण पुन्हा सुरू झालं. त्या सकाळी गजेंद्र पानांचा भारा घेऊन हजर. राजगोपालांनीही स्वस्थ बसायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. दालनांना नवा रंग दिला, शुक्रवारी पायसम, म्हणजे खीर, सुरू केलं. सकवारबाईची बरीच माणसं शुक्रवारी तिकडे सरकली. तिला झोंबलं. मग तिनं गुरुवारी उडदाच्या पिठाचं डांगर आणि गोड पोळी ठेवली. मॅन्शनमधल्या पोरांची चंगळ झाली.

पुढल्या वर्षी गॅसच्या सिलिंडरची ओढाताण सुरू झाली तेव्हा मेसवाल्यांची बैठक राजगोपालांच्या दालनात भरली; सिलिंडरच्या एजंटलाही बोलावलं होतं. आता त्यांचा संघ झाला होता आणि राजगोपाल अध्यक्ष होते. सकवारबाई उशिरा पोचली आणि मागच्या बाकाकडे वळली. राजगोपालांनी बोलणं थांबवलं. आपल्या शेजारच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं, खुर्ची हातानं पुसली आणि म्हणाले, "इकडे बसा अम्मा. मला ह्या एजंटशी भांडायचं आहे. कुठवर भांडायचं आणि कुठं थांबायचं, ते तुम्ही सांगा."

सकवारबाई पुढे जाऊन बसली. मग दोघांनी मिळून त्या एजंटला संध्याकाळपर्यंत उठू दिलं नाही.