निरुपमाबाईंचे पहिले पान

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. बडोद्याला कारेलीबागेतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर माझे टेबल आहे. माझ्या पडद्यावर एक हिरवी रेघ कायमची उमटली आहे आणि आतला पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. पण माझे दुखणे ते नाही.

मला या घरात मयंकने आणले. कॅनडाहून सुट्टीवर आला असताना त्याने आपल्या आईला, निरुपमाबाईंना, माझ्यासमोर बसवले.

"आई, ब्राउझर उघडला की आधी कुठलं पान यावं, ते आपणच ठरवायचं. त्याला होमपेज म्हणतात."

"वर्तमानपत्र ठेव," रिफायनरीतून निवृत्त झालेले त्याचे वडील विश्वंभरराव झोपाळ्यावरून म्हणाले.

"ते तुम्ही हातात धरून वाचा ने!" बाई बडोद्याच्या ढंगात म्हणाल्या.

मयंक हसला. "मी रसिकाच्या फोटोंचं पान केलंय. तेच ठेवतो. उघडलंस की नात समोर."

तिथून माझे खरे आयुष्य सुरू झाले. रोज सकाळी कुकर उतरवला की बाई हात पुसत येत. रसिकाचा पडलेला दात, बर्फात उलटे घातलेले बूट, शाळेतले बक्षीस, सारे मी त्यांच्यापुढे मांडी. फोटोखाली मयंक विचारी, "आई, बघितलंस का?" बाई मोठ्याने म्हणत, "बघितलं रे, गोड दिसते." टाइप करणे त्यांना जमत नसे. आपण पान उघडले की तिकडे त्याला कळतेच, अशी त्यांची समजूत होती. तसे नाही, हे मला ठाऊक होते. पण मला सांगता कुठे येत होते?

सहा वर्षे गेली. फोटो कमी होत गेले. एका मंगळवारी मी पान आणायला गेलो तो रिकाम्या हातांनी परतलो. "हे पान अस्तित्वात नाही," एवढेच मला दाखवता आले. बाईंनी मला चार वेळा बंद करून पुन्हा सुरू केले.

अखेर विश्वंभररावांनी मुलाला फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "ते पान? बंद केलं, बाबा. इतक्या वर्षांत कुणी एक अक्षर लिहिलं नाही. वाटलं, कुणी बघतच नाही."

"आणि फोटो?"

"जुन्या फोनमध्ये होते. तो फोन बिघडला, सगळं गेलं. का? आई बघायची?"

विश्वंभररावांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी मानेनेच नको म्हटले.

"सहज विचारलं रे," ते म्हणाले.

मग त्यांनी माझा कोपरा न् कोपरा धुंडाळला. एकही फोटो कुणी माझ्यात उतरवून ठेवला नव्हता. शेवटी त्यांनी बाईंना विचारले, "आता पहिलं पान कुठलं ठेवू? तू म्हणशील ते."

"कोरं ठेवा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. आता माझ्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे साठतात.

मित्रांनो, मला कुणी पुसले नाही तरी चालेल, भंगारात दिले तरी माझी तक्रार नाही. पण दुरून कुणी तुमच्यासाठी काही पाठवत असेल, तर मोडक्यातोडक्या अक्षरांत का होईना, पोचल्याचे कळवा. आणि एखादी गोष्ट बंद करण्याआधी घरच्या माणसांना एकदा विचारा. आमच्या घरी ही दोन्ही कामे राहून गेली. आता ती करायची म्हटली, तरी करण्याजोगे काही उरलेले नाही.